ठकूमावशीचे दोन बांबू

फार मागची गोष्ट आहे. किती मागची म्हणाल, तर तेव्हा राजा स्वतः कायदे करायचा आणि ते दगडावर कोरायचे, कारण नुसत्या तोंडी सांगण्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. आताही कुठे बसतो म्हणा! ते असो. पोरांनो, पुढे सरकून बसा. आणि मागे भिंतीला टेकलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या. ही गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे.

त्या राज्यात एक वाईट खोड पडली होती. घरात माणूस गेलं की नातेवाईक जमायचे, एका डोळ्याने रडायचे आणि दुसऱ्या डोळ्याने हंडे मोजायचे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं प्रत्येक काळात असतात, त्या काळात जरा जास्तच होती. एका गावात एका बाईचा नवरा वारला. ती बिचारी नदीवर अंघोळ करून घरी आली, तर घर साफ! पाटा गेला, वरवंटा गेला, दुभती म्हैस गेली, चुलीवरचा तवासुद्धा गेला. बाई तशीच ओल्या लुगड्याने, पोराचं बोट धरून राजाकडे गेली आणि म्हणाली, "महाराज, नवरा देवाने नेला, त्याला इलाज नाही. पण तवा कुणी नेला?"

राजाने पहिला कायदा केला. माणूस गेलं की गावच्या मोहोरदाराने ताबडतोब जावं आणि त्याच्या प्रत्येक वस्तूला लाखेची मोहोर लावावी. तेराव्यापर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. चौदाव्या दिवशी चावडीवर पंचांसमोर वाटणी.

मग एक धूर्त गृहस्थ निघाला. कुणी पैसेवाला माणूस आजारी पडला की हा तुपाचा डबा आणि चंदनाची लाकडं घेऊन दारात हजर! आणि चौदाव्या दिवशी म्हणायचा, "सरण मी दिलं, तेव्हा मळा माझा." राजाने दुसरा कायदा केला. वारसाखेरीज कुणीही मयताच्या क्रियेला काडीसुद्धा द्यायची नाही.

पुढे दोन भाऊ अग्नी कुणी द्यायचा यावर तीन दिवस भांडत राहिले आणि बाप तसाच ओसरीवर पडून राहिला. राजाने कपाळावर हात मारला आणि तिसरा कायदा केला. दिवस मावळायच्या आत क्रिया झालीच पाहिजे. अग्नी जो जवळ असेल त्याने द्यावा. नाही झालं, तर ते प्रेत बेवारस समजायचं. राजाचे गाडीवान येतील, गाडीत घालून हद्दीबाहेर नेतील आणि खड्ड्यात पुरून टाकतील. ना खांदा, ना अग्नी, ना तिलांजली.

तीन कायदे. तिन्ही शहाणे. गावोगावच्या चावडीपुढे शिळा बसल्या, त्यांवर तिन्ही कोरले गेले, आणि लोक सुखाने जगू लागले. सुखाने मरू लागले, असंही म्हणायला हरकत नाही.

आता त्यातल्या एका गावात चला. नदीकाठचं लहानसं गाव. तिथे ओढ्याच्या कडेला ठकूमावशी राहायची. जातीची बुरूड, वय सत्तरीच्या पुढे, दात चार, पण जीभ एकदम तेज. घरामागे तिचं बांबूचं बेट होतं. त्यातले बांबू तोडून, त्यांच्या कामट्या काढून ती सुपं, टोपल्या, परड्या विणायची. पोर जन्मलं की पाचवीच्या पूजेला सूप मावशीचं. लग्न निघालं की परड्या मावशीच्या. आणि माणूस गेलं की तिरडीचे दोन बांबूही मावशीचेच.

सुपासाठी ती अशी घासाघीस करायची की बायका रडकुंडीला यायच्या. "पायलीभर ज्वारी म्हणजे फार झाली का गं? कामट्या काय आभाळातून पडतात?" पण तिरडीच्या बांबूचं तिने कधी दाणाभरही घेतलं नाही. तिची एक पद्धत होती. ती बेटाशी जायची, गेलेल्याचं नाव विचारायची, बांबूला हात लावून ते नाव मोठ्याने घ्यायची आणि मग कोयता चालवायची. दोन बांबू जमिनीवर आडवे ठेवून म्हणायची, "न्या. आता हे माझे नाहीत, त्याचे आहेत."

मावशीबरोबर हौसा राहायची. हौसा तिच्या पोटची नव्हे, नात्याची नव्हे. दुष्काळात कुणीतरी बाजारात सोडून गेलेली चिमुरडी मावशीने उचलून आणली, भाकरी दिली, हातात कोयता दिला. आता हौसा चाळिशीला आली होती आणि मावशीपेक्षाही बारीक कामटी काढायची. मावशी हे कधी कबूल करायची नाही, तो भाग वेगळा.

मावशीने स्वतःच्या जाण्याची तयारी केव्हाच करून ठेवली होती. वळचणीला दोन बांबू टांगलेले. मागच्या छपराखाली आंब्याची लाकडं आणि गोवऱ्या रचलेल्या. एक कोरं मडकं, एक पांढरं कापड. दर दसऱ्याला ती हे सगळं झटकायची, प्रत्येकावर आपट्याचं पान ठेवायची आणि स्वतःचंच नाव घ्यायची. "ही ठकूची लाकडं. हे ठकूचं कापड. हे ठकूचे बांबू." अख्खी गल्ली तो तमाशा बघायला जमायची.

"काय मावशी, गोवऱ्या मसणात गेल्या वाटतं!" कुणीतरी हटकून चिडवायचं.

"मसणात कशाला जातात? या बघ, घरीच आहेत. तुझ्या कुठे आहेत ते बघ जा आधी!"

हौसाला मात्र ते आवडायचं नाही. "मावशी, सणासुदीचं कसलं गं हे?"

"अगं, कुणाला भार नको म्हणून. आणि हे बघ, दिवस मावळायच्या आत ने मला. त्या गाडीत नाही हं जायचं मला. साऱ्या गावाला मी वाजतगाजत पाठवलं आणि मी बैलगाडीत गोणीसारखी? शब्द दे."

हौसाने शब्द दिला होता. एकदा नव्हे, दर दसऱ्याला.

आणि एका सकाळी मावशी गेली. अंगणात बसून सूप विणत होती. हौसा ओढ्यावरून पाणी घेऊन आली तर मान एका बाजूला कललेली, मांडीवर अर्धं सूप, बोटांत कामटी तशीच. हौसाने हंडा टाकला आणि हंबरडा फोडला.

गाव धावलं. पाटील आले, बायका आल्या. आणि सगळ्यांच्या आधी, लाखेची कांडी आणि पेटता दिवा घेऊन विसाजी मोहोरदार आला.

या विसाजीबद्दल सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता हो. उलट इतका सरळ की भिंतसुद्धा त्याच्यापुढे वाकडी दिसावी. कुणाचा कधी कांदा घेतला नाही, कुणाला कधी सूट दिली नाही. ती तव्याची तक्रार घेऊन राजाकडे गेलेली बाई आठवते ना? तिने बोट धरून नेलेलं पोर म्हणजे हा विसाजी. त्याने रिकामं घर पाहिलं होतं. मोठा होऊन तो मोहोरदार झाला आणि त्याने शपथ घेतली, की माझ्या हातचा शिक्का चौदाव्या दिवसाआधी कधी तुटणार नाही.

विसाजीने काम सुरू केलं. दाराला शिक्का. पेटीला शिक्का. कोयत्याला शिक्का. तांब्याच्या हंड्याला शिक्का. बेटाभोवती दोरी गुंडाळून गाठीवर शिक्का. मांडीवरचं अर्धं सूप हळूच काढून घेतलं आणि त्यालाही शिक्का. मग तो वळचणीकडे वळला, दोन बांबूंना दोरी बांधली आणि लाख टपकवली.

हौसाचे डोळे पुसता पुसता थांबले. "अहो विसाजीदादा! ते कशाला? ते तिच्या तिरडीचे बांबू आहेत!"

"कुणाचे?"

"मावशीचे."

"मग मावशीची मालमत्ता," विसाजी म्हणाला आणि लाकडांकडे गेला.

लाकडं झाली, गोवऱ्या झाल्या, मडकं झालं, कापड झालं. हातात लाखेचा तुकडा उरला होता. विसाजी मावशीच्या अंगावरच्या लुगड्याकडे बघत विचारात पडला.

पाटील ओरडले, "विसाजी! आता मावशीच्या कपाळावर मारतोस का काय शिक्का?"

विसाजी ओशाळला आणि त्याने कांडी खिशात ठेवली. पण बाकीचे शिक्के जागच्या जागीच राहिले.

"जाऊ दे रे," गावातले लोक म्हणाले. "मावशीचं राहू दे. आम्ही काय मेलोय? आम्ही आणतो." सुतार लाकडं आणायला निघाला, कोष्ट्याने खांद्यावरचं नवं कापड काढलं. मावशीने कुणाच्या घरी सूप दिलं नव्हतं, कुणाच्या घरी बांबू दिला नव्हता?

विसाजी आडवा उभा राहिला. "दुसरा कायदा. वारसाखेरीज कुणी काडी द्यायची नाही. सुतारा, तू वारस आहेस? तू आहेस?"

"मग हौसा देईल!"

"हौसा पोटची नाही. नात्याची नाही. आणि तिच्या हातात जे आहे ते सगळं मावशीचंच."

"मग वारस आहे तरी कोण?"

एक भाचा होता. डोंगरापलीकडे, तीन दिवसांच्या वाटेवर. आणि तिसरा कायदा सांगत होता, आज. सूर्य मावळायच्या आत.

बघा आता! स्वतःचं वापरायचं नाही, कारण ते वारसांचं. दुसऱ्याचं घ्यायचं नाही, कारण तो वारस नाही. आणि थांबायचं नाही, कारण दिवस मावळेल. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. तीन शहाणे कायदे एका अंगणात एकत्र आले आणि तीन तिघाडा काम बिघाडा झालं. आजवर असं झालं नव्हतं, कारण आजवर प्रत्येक मयताचा कुणी ना कुणी वारस उशाशी बसलेला असायचा.

ऊन वर चढलं. बायकांनी मावशीच्या चेहऱ्यावर पदर धरला. ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. जोशीबुवा म्हणाले, राजाला विचारू. पण राजधानी दोन दिवसांवर. कुणी म्हणालं, नदीत सोडू. हौसाने त्याच्याकडे असं बघितलं की तो गर्दीत मागे सरकला. पाटलांनी विसाजीला बाजूला घेऊन समजावलं, चुचकारलं, शेवटी रागे भरले.

"विसाजी, माणुसकी आहे की नाही?"

"आहे, पाटील." विसाजी म्हणाला. "मला काय बरं वाटतंय का? पण आज मावशीसाठी शिक्का तोडला, तर उद्या लबाडासाठी तोडावा लागेल. मग पुन्हा कुणाच्या तरी चुलीवरचा तवा जाईल. मी पाहिलंय ते घर. मी त्या घरात उपाशी झोपलोय."

खरं तेच तो बोलत होता ना! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

दुपार कलली. वेशीबाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. जवळच्या ठाण्यावरचे राजाचे गाडीवान वर्दी मिळाल्याप्रमाणे येऊन उभे होते. बाहेर झाडाखाली तंबाखू मळत बसले, सूर्याकडे बघत. त्यांचाही दोष नव्हता, त्यांचं कामच ते.

तो घुंगरांचा आवाज ऐकला आणि हौसा उठली. सकाळपासून ती मावशीच्या पायाशी बसली होती. ती सरळ वळचणीकडे गेली आणि बांबूंच्या दोरीला तिने हात घातला.

"हौसा, तोडू नकोस," विसाजी म्हणाला. "शिक्का तोडणाऱ्याला हद्दपार करावं लागतं. तुझं घर जाईल, कोयता जाईल, गाव जाईल. आणि मी तुला हद्दपार करीन. मला करावंच लागेल."

"करा!" हौसा किंचाळली. तिचा आवाज फाटला होता. "करा हद्दपार! मी शब्द दिलाय तिला. दर दसऱ्याला दिलाय. या बाईने चाळीस वर्षं तुम्हा सगळ्यांच्या घरी बांबू पाठवले. कुणाचा बाप, कुणाची आई, कुणाचं तान्हं, सगळ्यांना दिलं. तेव्हा ती कुणाची वारस होती हो? सांगा ना! कुणाची वारस होती?"

ती रागाने बोलून गेली. पण पाटील गर्दीतून पुढे आले.

पाटलांनी हळूच विचारलं, "काय म्हणालीस, हौसा? पुन्हा म्हण."

हौसा स्वतःच थबकली. मग सावकाश म्हणाली, "मावशी कुणाचीच वारस नव्हती. दुसरा कायदा झाल्यावरही ती देतच होती. वारसाखेरीज काडी द्यायची नाही, आणि ती दर मयताला दोन बांबू द्यायची. म्हणजे या दादांच्या हिशेबाने मावशी जन्मभराची गुन्हेगार झाली."

सगळे विसाजीकडे वळले. विसाजीचा चेहरा पांढरा पडला. प्रत्येक मयताला तो स्वतः हजर होता. प्रत्येक वेळी त्याने ते बांबू येताना पाहिले होते. एकदाही त्याच्या तोंडून दुसऱ्या कायद्याचा शब्द निघाला नव्हता.

हौसा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता तिचा आवाज खाली आला होता. "विसाजीदादा, तुमची आई गेली तेव्हा घराला शिक्के कुणी लावले?"

"मीच लावले. आईचं घर म्हणून सोडलं नाही."

"आणि तिरडीचे बांबू?"

"मावशीने दिले."

"त्यांना लावलात शिक्का?"

"नाही."

"का नाही लावलात?"

विसाजीला तो दिवस आठवला. मावशीने आईचं नाव विचारलं होतं, बांबूला हात लावून ते मोठ्याने घेतलं होतं. फुकटचं काही घ्यायचं नाही म्हणून विसाजीने पायलीभर ज्वारी पुढे केली होती. तेव्हा मावशी खेकसली होती, "ज्वारी कसली देतोस मेल्या? माझे असते तर सोडली असती होय मी? नाव घेतलं की ते माझे राहत नाहीत. तुझेही नाहीत. ते तुझ्या आईचे, तिच्याबरोबर जायचे." आणि ते खरोखरच आईबरोबर गेले होते. ते बांबू वारसांना वाटायचे असतात, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

विसाजी मटकन खाली बसला. अंगणातल्या मातीतच बसला.

"ते आईबरोबर जायचे होते," तो म्हणाला. "म्हणून नाही लावला. जे सोबत जातं त्याला शिक्का कसला? शिक्का मागे उरतं त्याला." आणि मग त्याने चेहरा ओंजळीत लपवला. "अरे देवा! मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. मावशी, मी काय करून बसलो गं हे!"

"रडायला पुढे वेळ आहे," पाटील म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते, पण पाटील म्हटल्यावर बोलावं लागतं. "आधी सांग, ही लाकडं, हे कापड, यांचं काय? बांबूंचं पटलं. पण यांच्यावर मावशीने नाव घेतलं होतं का?"

सगळी गल्ली एकदम बोलू लागली. "घेतलं होतं! दर दसऱ्याला! आम्ही ऐकलंय! आम्ही हसायचो!" ज्याने गोवऱ्यांवरून चिडवलं होतं तो तर हात वर करकरून साक्ष देऊ लागला. साऱ्या गावाने मावशीची जी थट्टा केली, तीच आता साक्ष म्हणून उपयोगी पडली. मावशी असती तर म्हणाली असती, बघा, फुकट नाही हसू दिलं तुम्हाला.

विसाजी उठला. वळचणीपाशी गेला. लाखेवर अंगठा ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचा शिक्का चौदाव्या दिवसाआधी फोडला.

"हा शिक्का नव्हताच," तो म्हणाला. "चुकीच्या जागी पडलेली नुसती लाख होती. आणि ज्याला हे चूक वाटत असेल त्याने मला राजापुढे न्यावं. मी येईन."

कुणाला चूक वाटायला वेळच कुठे होता! दोघांनी बांबू काढले, चौघांनी लाकडं उचलली. बायकांनी मावशीला न्हाऊ घातलं, कपाळी बुक्का लावला. तिरडी बांधायला हौसाच बसली. गाठ मावशीने शिकवली होती तशी, घट्ट. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. अख्खं गाव मागे, पुढे खांदेकरी, आणि खांदेकऱ्यांत डावीकडून पहिला विसाजी. वेशीतून जाताना गाडीवान उठून उभे राहिले. त्यांनी पागोटी काढून हातात घेतली आणि मोकळी गाडी जुंपून निघून गेले. त्यांनाही बरंच वाटलं असणार, रिकामं जायला कुणाला आवडत नाही?

नदीवर सरण रचलं. हौसाने मडकं धरलं. जोशीबुवा जरा घुटमळले आणि विसाजीकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता? तिसरा कायदा मला तोंडपाठ आहे," विसाजी म्हणाला. "अग्नी जो जवळ असेल त्याने द्यावा. आणि हिच्याहून जवळ कोण आहे?"

हौसाने अग्नी दिला. नदीपलीकडे सूर्य अजून वीतभर वर होता. तिने हात जोडले आणि एवढंच म्हणाली, "मावशी, दिवस आहे गं अजून." आणि मग ती रडली. सकाळपासूनचं सगळं रडली. पण त्या रडण्यात सुटका होती. बायकांनी तिला रडू दिलं.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण तुम्ही म्हणाल, मग कायदा वाईटच म्हणा की! थांबा जरा, इतकी घाई करू नका.

निरोप पोचला आणि सातव्या दिवशी भाचा आला. रडला थोडं, आणि मग बेटाभोवती फिरून बांबू मोजू लागला. आठव्या दिवशी तोडायला चार गडी घेऊन आला. "मी वारस. सगळं बेट तोडतो आणि बाजारात नेतो." हौसा अंगणात उभी राहून बघत राहिली. ते बेट गेलं तर तिच्या हाताला काम उरणार नव्हतं.

बेटाच्या दोरीपाशी विसाजी बसला होता. त्याने लाखेवरची धूळ फुंकली. "हा शिक्का बरोबर जागी आहे," तो म्हणाला. "बेट कुठे जात नाही. ते मागे उरलंय. तेराव्यापर्यंत काडी हलणार नाही. हलवून तर बघ."

भाचा थांबला. थांबावंच लागलं. चौदाव्या दिवशी चावडीवर पंच बसले आणि पाटलांनी सांगितलं, की गेल्याच दसऱ्याला ठकूने पंचांसमोर आपली इच्छा बोलून ठेवली आहे. त्या इच्छेने हौसा वारस ठरत नव्हती, पण चौदाव्या दिवशीची वाटणी इच्छेप्रमाणेच व्हायची. तांब्याचा हंडा आणि पेटी भाच्याला. घर, बेट आणि कोयता हौसाला, कारण कोयता ज्याला चालवता येतो त्याचाच असतो. भाच्याने जरा कुरकुर केली. पण हंडा मोठा होता, चांगला घासूनपुसून लखलखीत केलेला. तो डोक्यावर घेऊन भाचा डोंगराकडे निघून गेला. शिक्के नसते तर चौदाव्या दिवशी वाटायला नुसती बांबूची खोडं उरली असती.

हौसाच्या नावाचा निकाल लागला तसा विसाजीने अर्ध्या सुपावरचा शिक्का फोडून ते तिच्या हातात दिलं. तिने ते त्याच दिवशी विणून पुरं केलं. पुढल्या आठवड्यात सुताराच्या घरी मुलगी झाली, तेव्हा पाचवीला तेच सूप गेलं. हौसाने त्यासाठी पायलीभर ज्वारी घासाघीस करून घेतली, हेही सांगायला हवं.

विसाजी मात्र गप्प बसला नाही. तो आपल्या पायांनी राजधानीला गेला आणि राजासमोर उभा राहून म्हणाला, "महाराज, मी शिक्का फोडला." सगळी हकिकत सांगितली. म्हातारा झालेल्या राजाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "विसाजी, तुझी आई तव्यासाठी आली होती, तेव्हा मला वाटलं, आता सगळं सांगून झालं. एक ओळ राहिलीच होती." आणि त्याने गावोगावच्या शिळांवर, तिन्ही कायद्यांच्या वर, चौथी ओळ कोरायला लावली: जो गेला त्याची वाट आधी, जे उरलं त्याची वाटणी नंतर.

विसाजी पुढे खूप वर्षं जगला. म्हातारपणी एकदा काठी टेकत हौसाच्या बेटाशी आला आणि म्हणाला, "हौसा, माझे दोन बांबू बघून ठेव बाई. सरळ दिसतील असे."

हौसाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "नाव घेऊ का आत्ताच?"

"नको नको!" विसाजी दोन पावलं मागे सरला. "इतकी घाई नाही!"

आणि दोघं हसली, मावशी हसायची तशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकी मोठ्याने.

तात्पर्य: कायदा मागे राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी असतो, त्याने जाणाऱ्याची वाट अडवू नये.